पासबुक, शिवणयंत्र आणि संसद : दक्षिण आफ्रिकेतील दोन काळ्या स्त्रियांची आत्मकथने

दलित साहित्याच्या समीक्षेने अमेरिकेतील काळ्यांच्या साहित्याशी नाते फार आधी जोडले. 'दलित पँथर' हे नाव १९७२ साली तिकडच्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतले गेले. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या साहित्याची ओळख मराठी वाचकाला करून दिली. रिचर्ड राईट आणि जेम्स बाल्डविन ही नावे आपल्या चर्चासत्रांतून आजही सहज घेतली जातात. या ओळखीचे मोल मी कमी मानत नाही. तिच्यामुळेच आपल्या वेदनेला जगाच्या पाठीवर भावंडे आहेत, हे आपल्याला कळले. पण या नात्यात दोन उणिवा राहिल्या, असे माझे निरीक्षण आहे. एक म्हणजे ते बव्हंशी अमेरिकेपुरते राहिले. खुद्द आफ्रिका खंड मागे पडला. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ते पुरुषांच्या पुस्तकांपुरते राहिले. काळी स्त्री काय लिहिते, आणि ती राजकारण कशाला म्हणते, याची विचारपूस आपण पुरेशी केली नाही.

म्हणून येथे दक्षिण आफ्रिकेतील दोन आत्मकथनांचा विचार करायचा आहे. पहिले एलेन कुझवायो यांचे 'कॉल मी वुमन' (१९८५). दुसरे एमा मशिनिनी यांचे 'स्ट्राईक्स हॅव फॉलोड मी ऑल माय लाईफ' (१९८९). 'मला स्त्री म्हणा' आणि 'जन्मभर संप माझ्या मागे लागले', असा या नावांचा साधारण आशय. या दोन्ही पुस्तकांनी माझ्यापुढे एकच प्रश्न उभा केला. स्त्रियांचा राजकारणातील सहभाग मोजायचा तर तो कोणत्या मापाने?

आज रूढ असलेले माप खुर्च्यांचे आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९४ साली सर्वांना मताधिकार असलेली पहिली निवडणूक झाली. ४०० जणांच्या राष्ट्रीय सभेत शंभराहून अधिक स्त्रिया निवडून आल्या. प्रमाण सत्तावीस टक्क्यांवर गेले. त्याआधीच्या गोऱ्यांच्या संसदेत ते तीन टक्क्यांच्या आत होते. सभापतिपदी फ्रेने गिनवाला ही भारतीय वंशाची पारशी स्त्री बसली. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने आपल्या उमेदवार-यादीत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखल्या, म्हणून हे घडले. हे यश मोठे आहे आणि ते नाकारण्याचा करंटेपणा कोणी करू नये. पण हे माप हाती घेतले की एक घोटाळा होतो. सहभाग जणू १९९४ सालीच सुरू झाला असे वाटू लागते. त्यापूर्वी ज्या बाया तुरुंगात गेल्या, त्यांची गणना 'पार्श्वभूमी' या सदरात होते. ही पार्श्वभूमी नीट पाहिल्याशिवाय ही दोन पुस्तके समजणार नाहीत.

ऑरेंज फ्री स्टेट या प्रांतात काळ्या स्त्रियांनाही पास बाळगावा लागे. १९१३ साली ब्लूमफाँटेनच्या बायांनी तो बाळगायचे नाकारले, नगरपालिकेच्या कचेरीवर मोर्चा नेला आणि दंड न भरता तुरुंग पत्करला. त्याच वर्षी, त्याच देशात भारतीय स्त्रियाही सत्याग्रहात तुरुंगात गेल्या. त्या सत्याग्रहाचा धडा मी शाळेत शिकले. ब्लूमफाँटेनच्या बायांचे नाव मला एम. ए. होईपर्यंत कोणी सांगितले नाही. १९१८ साली शार्लट मॅक्सेके यांनी 'बांटू विमेन्स लीग' स्थापन केली. मॅक्सेके अमेरिकेतील विल्बरफोर्स विद्यापीठात शिकून आलेल्या, आपल्या देशातील पहिल्या काळ्या स्त्री पदवीधर. पण १९१२ साली स्थापन झालेल्या काँग्रेसने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिले ते १९४३ साली. तोवर त्या 'सहाय्यक' सदस्य. अधिवेशनाला येणाऱ्या प्रतिनिधींच्या निवाऱ्याची आणि करमणुकीची सोय पाहणे हे त्यांचे काम, असे संघटनेच्या जुन्या घटनेतच नमूद होते. ज्या बाया पुरुषांच्या आधी तुरुंगात गेल्या, त्यांच्या हाती चळवळीने चहाची किटली दिली.

येथे आपल्याकडची एक तारीख आठवते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि हजारो बाया जमल्या होत्या. आपली चळवळ या बाबतीत मागे नव्हती. पण त्या बायांची नावे, त्यांची भाषणे, त्यांचे संसार यांची नोंद व्हायला १९८९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' आले. या नावातला 'ही' मला नेहमी टोचतो. घडवणाऱ्याला आपणही घडवले असे सांगावे लागते, ते कोणीतरी विसरलेले असते म्हणून.

पुढची घटना अधिक बोलकी आहे. १९३० साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने स्त्रियांना मताधिकार दिला, पण तो फक्त गोऱ्या स्त्रियांना. त्या वेळी केप प्रांतात काही काळ्या पुरुषांना मत होते. गोऱ्या मतदारांची संख्या वाढली आणि त्या काळ्या मतांचे वजन घटले. १९३६ साली तर त्या काळ्या मतदारांना सर्वसाधारण यादीतूनच काढून टाकले. स्त्रीमुक्तीच्या इतिहासात १९३० हे साल विजयाचे म्हणून मांडता येईल. काळ्या माणसाच्या इतिहासात ते नागवणुकीचे साल आहे. 'स्त्री' हा शब्द असा मधोमध चिरला जातो. म्हणूनच कुझवायो आपल्या पुस्तकाला 'मला स्त्री म्हणा' असे नाव देतात, तेव्हा ती विनंती नसते. ज्या शब्दातून आपल्याला वगळले, त्या शब्दावर त्या हक्क सांगत असतात.

१७ एप्रिल १९५४ रोजी जोहान्सबर्गला 'फेडरेशन ऑफ साऊथ आफ्रिकन विमेन' ही संघटना स्थापन झाली आणि तिने स्त्रियांची सनद स्वीकारली. ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार स्त्रिया प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंग्जवर चालून गेल्या. लिलियन एन्गोयी, हेलन जोसेफ, रहिमा मूसा आणि सोफिया विल्यम्स या त्यांच्या पुढारी. त्यांत काळी, गोरी, भारतीय वंशाची आणि मिश्रवर्णीय अशा चौघी होत्या. पंतप्रधान स्ट्रायडम भेटले नाहीत. सह्यांचे गठ्ठे त्यांच्या कचेरीत टाकून बाया अर्धा तास निःशब्द उभ्या राहिल्या. कित्येकींच्या पाठीला पोर बांधलेले होते. आज हा दिवस तेथे राष्ट्रीय सुटीचा आहे. पण सुटीच्या भाषणांत एक गोष्ट सहसा येत नाही. पास काही थांबले नाहीत. १९६३ पर्यंत ते स्त्रियांना सक्तीचे झाले आणि पासचे कायदे रद्द झाले ते १९८६ साली. लिलियन एन्गोयी कपड्यांच्या कारखान्यातली शिवणकामगार. काँग्रेसच्या राष्ट्रीय कार्यकारिणीवर निवडून आलेली ती पहिली स्त्री. राजद्रोहाच्या खटल्यात ती आरोपी झाली, मग वर्षानुवर्षे तिच्यावर बंदीहुकूम आले, आणि घरात बसून शिवणकाम करीत तिने पोट भरले. १९८० साली ती वारली, तेव्हा पास जिवंतच होता.

पास म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले पाहिजे. नुसता ओळखीचा कागद असता तर त्यापायी वीस हजार बाया घराबाहेर पडल्या नसत्या. शहरात राहण्याचा, काम शोधण्याचा, मुलाबाळांत राहण्याचा परवाना त्या पुस्तकात असे आणि मालकाने त्यावर दरमहा सही करायची असे. सही चुकली तर बाई गुन्हेगार. हा भाग वाचताना मला माझ्या आईची मालकीण आठवली. आई चार घरी धुणीभांडी करी. त्यांतल्या एका घरी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आईचे खाडे फुल्या मारून लिहिलेले असत. महिनाअखेर त्या फुल्या मोजल्या जात आणि आई गप्प उभी राही. पास आणि ते कॅलेंडर एक नव्हे. आईला त्यापायी तुरुंग नव्हता, गावाबाहेर हाकलले जाण्याचे भय नव्हते. पण आपल्या जगण्याची नोंदवही दुसऱ्या बाईच्या हाती असणे म्हणजे काय, हे मला त्यामुळे लवकर कळले.

पासचा आणखी एक पैलू आहे आणि तो मशिनिनींच्या पुस्तकाकडे थेट नेतो. १९२४ च्या औद्योगिक कायद्याने 'कामगार' या शब्दाची व्याख्या केली, तीतून पास बाळगणारे काळे वगळले. पण स्त्रियांना तेव्हा सर्वत्र पास नव्हता. म्हणून १९४४ साली न्यायालयाने मान्य केले की काळी स्त्री या व्याख्येत बसते. त्यामुळे कपड्यांच्या कारखान्यांतील काळ्या बाया नोंदणीकृत संघटनेच्या सभासद होऊ शकल्या. काळ्या पुरुषाला नसलेला हक्क काळ्या बाईला मिळाला. १९५३ साली नवा कायदा करून ती फट बुजवली गेली. पासविरोधी लढा हा 'घर आणि मुले' वाचवण्याचा लढा होता असे म्हणतात, ते खरे आहे. पण तो कारखान्यातल्या हक्काचाही लढा होता, हे यावरून ध्यानी येते.

आता पुस्तकांकडे वळू.

एलेन कुझवायो यांचा जन्म १९१४ चा. घरची शेती होती, आजोबांपासून चालत आलेली. मिशनच्या शाळा, ॲडम्स कॉलेज, लव्हडेल असे शिक्षण झाले. त्या शिक्षिका आणि पुढे समाजकार्यकर्त्या झाल्या. १९७४ साली घरची जमीन 'गोऱ्यांच्या भागात' येते म्हणून गेली. १९७६ साली सोवेटोची मुले रस्त्यावर उतरली, त्यानंतर स्थापन झालेल्या 'कमिटी ऑफ टेन'मध्ये त्या एकट्या स्त्री होत्या. १९७७ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांना पाच महिने खटल्याविना डांबून ठेवले.

या पुस्तकाची रचना नेहमीच्या आत्मचरित्रासारखी नाही. पहिला भाग सोवेटोचा आहे. आरंभी तुरुंगातून गेलेल्या एका स्त्रीचे पत्र येते. लेखिकेचा जन्म, बालपण, शिक्षण हे सारे दुसऱ्या भागात. तिसऱ्या भागात पुन्हा इतर बाया. शेवटी तर लेखिका काळ्या स्त्री डॉक्टरांची आणि वकिलांची यादीच देतात. प्रस्थापित समीक्षेच्या कसोटीला ही यादी उतरणार नाही. 'कलात्मक शेवट' म्हणून कोणी ती दाखवणार नाही. पण आमच्या वस्तीत दरवर्षी जयंतीला पास झालेल्या मुलामुलींची नावे फळ्यावर लिहितात, पुकारतात, टाळ्या होतात. घरातली पहिली पदवीधर म्हणून माझे नाव त्या फळ्यावर होते. ज्यांना 'तुमच्यात कोणी शिकलेच नाही' असे शतकानुशतके ऐकवले गेले, त्यांच्या साहित्यात नावांची यादी ही पुराव्याची जागा घेते. कुझवायोंचा 'मी' अशा प्रकारे 'आम्ही'मध्ये मिसळतो. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमचं' या नावातच जे आहे, तेच येथे रचनेत आहे. दोन्ही पुस्तके १९८५-८६ च्या आसपासची. एकीने दुसरीचे वाचलेले असणे शक्य नाही. एकसारख्या दडपणातून एकसारखा आकार निपजला, असे म्हणावे लागते.

कायद्याच्या भाषेचा कुझवायोंनी केलेला उपयोगही पाहण्यासारखा आहे. १९२७ च्या कायद्यानुसार परंपरेच्या रीतीने लग्न झालेली आणि नवऱ्याबरोबर राहणारी काळी स्त्री नवऱ्याच्या पालकत्वाखालची 'अज्ञान' समजली जाई. आपल्या कोर्टकचेरीतही अल्पवयीनाला 'अज्ञान' म्हणतात. कुझवायो एका प्रकरणात या 'अज्ञान' ठरवलेल्यांनाच वीरांगना म्हणतात. साठ वर्षांची, नातवंडे असलेली, संसार ओढणारी बाई कायद्याच्या लेखी पोर. आणि त्याच पोरीला सरकार दहशतवादविरोधी कायद्याखाली धरते. तुरुंगात टाकायला ती सज्ञान, सही करायला अज्ञान. ही विसंगती लेखिका आवाज न चढवता मांडतात.

परंतु येथेच माझे मतभेद सुरू होतात. कुझवायोंच्या यादीत कोण नाही? धुणे धुणारी नाही, घरी बिअर गाळून पोरांच्या शाळेची फी भरणारी नाही, गोऱ्यांचे मूल सांभाळणारी नाही. अशा बायांविषयी त्या आस्थेने लिहितात, यात शंका नाही. पण ती आस्था समाजकार्यकर्तीची आहे. ती थोडी वरून येते. गाळपाच्या धंद्याकडेच पाहा. डर्बनमध्ये नगरपालिकेचा स्वतःचा बिअर विकण्याचा मक्ता होता आणि त्याच्या उत्पन्नावर काळ्यांच्या वस्त्यांचा कारभार चाले. म्हणून बायांच्या घरगुती गाळपावर पोलिसांच्या धाडी पडत. १९५९ साली कॅटो मॅनरच्या बाया नगरपालिकेच्या बिअर हॉलमध्ये घुसल्या, पिणाऱ्या पुरुषांना त्यांनी बाहेर हाकलले आणि पिंपे उलथून टाकली. हे राजकारण सनदेच्या भाषेत बसणारे नव्हते. ते चुलीपासून निघालेले अर्थकारण होते. शिकलेल्या स्त्रीच्या आत्मकथनात त्याला मध्यभागी जागा मिळत नाही. आपणही याचा विचार करावा. आपल्या याद्यांत डॉक्टर, वकील, प्राध्यापक असतात. ज्यांच्या मोलमजुरीवर त्या याद्या उभ्या राहिल्या, त्यांचे नाव सत्काराच्या वेळी 'आई-वडील' एवढ्या दोन शब्दांत आटोपते.

दुसरा मुद्दा मौनाचा. कुझवायोंचा पहिला संसार छळाचा होता. दोन लहान मुलगे मागे ठेवून त्यांना ते घर सोडावे लागले. एवढी मोठी गोष्ट त्या मोजक्या शब्दांत उरकतात. का? गोऱ्या वाचकाच्या हाती काळ्या पुरुषाविरुद्ध काठी द्यायची नाही, हा विचार त्यामागे असावा असे मला वाटते. बेबी कांबळे समाजातल्या सासुरवासाबद्दल, सुनांच्या छळाबद्दल निर्भीडपणे लिहितात. पण स्वतःला नवऱ्याने दिलेला त्रास पुस्तकात येत नाही. तो पुढे माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत आला. दोघींचे मौन सारखे आहे आणि मी त्याला भ्याडपणा म्हणणार नाही. बाहेरचा शत्रू मोठा असताना घरातल्या जखमेची पट्टी सोडायची नाही, असे ठरवून त्या गप्प राहिल्या. पण समीक्षेने या मौनाचे गोडवे गाऊ नयेत. चळवळीला ज्याची किंमत कळत नाही, असे ते देणे आहे. ते कोणीतरी जमेला धरले पाहिजे.

एमा मशिनिनी यांचे पुस्तक वेगळ्या मातीचे आहे. जन्म १९२९ चा, जोहान्सबर्गचा. लग्न लवकर झाले, मुले झाली, संसार मोडला. १९५६ साली, ज्या वर्षी वीस हजार बाया प्रिटोरियाला गेल्या त्याच वर्षी, त्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसल्या. तेथेच त्या कामगारांच्या प्रतिनिधी झाल्या. १९७५ साली त्यांनी दुकानांत काम करणाऱ्या काळ्या कामगारांची संघटना उभी केली. काळ्यांच्या संघटनांना तेव्हा कायद्याची मान्यता नव्हती. एका बाईने दुकानादुकानांतून फिरून, पाळीच्या सुटीत, रस्त्याच्या कडेला सभासद गोळा करायचे, असा तो उद्योग. पुढे याच संघटनेने बाळंतपणानंतर नोकरीवर परत घेण्याचा हक्क मालकांकडून करारात लिहून घेतला. बाळंतपण हा वाटाघाटीच्या टेबलावरचा विषय आहे, हे त्यांनी सिद्ध केले. स्त्रियांच्या राजकीय सहभागाचा इतिहास लिहिताना या कराराला एखाद्या संसद सदस्याइतकीच जागा मिळायला हवी.

१९८१ च्या नोव्हेंबरात त्यांना अटक झाली. आरोप नाही, खटला नाही. सहा महिने कैद, त्यातला बराच काळ एकांतकोठडीत. या पुस्तकातले एक पान मला विसरता येत नाही. कोठडीत बसून त्या आपल्या मुलांना आठवतात आणि धाकट्या मुलीचे नाव त्यांना आठवत नाही. चेहरा समोर आहे, नाव नाही. त्या ते शोधत राहतात. सुटकेनंतर त्यांना डेन्मार्कमध्ये यातनाग्रस्तांसाठी असलेल्या केंद्रात उपचार घ्यावे लागले. हे पान लिहिताना लेखिका कोणतीही उपमा वापरत नाही. आक्रोश नाही, शाप नाही. घडले ते घडले तसे सांगितले आहे. ज्याला आपण 'आशयाने घडवलेली अभिव्यक्ती' म्हणतो, ती हीच.

हे पान मला केवळ वेदनेमुळे महत्त्वाचे वाटत नाही. त्याने एका जुन्या वादाला वेगळे वळण दिले आहे. १९५० च्या दशकातील स्त्रियांची चळवळ 'आम्ही माता आहोत' या भूमिकेवरून बोलत असे. काही अभ्यासिका म्हणतात की यामुळे स्त्री पुन्हा परंपरेच्या चौकटीतच राहिली. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु ज्या राज्यात काळी आई गोऱ्याचे मूल पाठीला बांधते आणि तिचे स्वतःचे मूल दूर राखीव भागात आजीपाशी वाढते, तेथे मातृत्व ही खासगी भावना राहतच नाही. राज्याने त्यावर आधीच हात टाकलेला असतो. तेव्हा माता म्हणून उभे राहणे हे राजकारणच होते. धोका दुसरीकडे आहे. या मातेची मूर्ती करून तिला हार घालणे पुरुषांना फार सोयीचे जाते. १९८५ साली 'कोसाटू' हा कामगारसंघटनांचा मोठा महासंघ स्थापन झाला. त्याच्या घडणीत मशिनिनींसारख्या बायांचा घाम होता. निवडलेल्या पदाधिकाऱ्यांत एकही स्त्री नव्हती. मशिनिनींचे ते पान मातेची मूर्ती फोडते. मुलीचे नाव विसरलेली आई पूजेला चालत नाही. ती माणूस असते, आणि राज्याने तिचे काय केले याची ती साक्ष असते.

या प्रकारच्या लेखनाला 'दस्तऐवज' म्हणून बाजूला सारण्याची रीत आहे. एका चर्चासत्रात मी या पुस्तकांवर बोलले, तेव्हा एका ज्येष्ठ अभ्यासकांनी प्रेमाने हेच ऐकवले. समाजशास्त्राच्या विभागात शोभतील, साहित्यात कशाला, असे त्यांचे म्हणणे. आपल्या आत्मकथनांनी हा आक्षेप चाळीस वर्षे ऐकला आहे. त्याला दिले जाणारे नेहमीचे उत्तर, की अनुभव खरा आहे म्हणून साहित्य थोर आहे, मला पुरेसे वाटत नाही. अनुभव खरा असूनही पुस्तक पोकळ असू शकते. कुझवायो जेथे संस्थांच्या अहवालाची भाषा बोलतात, तेथे त्यांचे पुस्तक ढिले पडते, हे सांगितलेच पाहिजे. मशिनिनी सभा, ठराव, प्रवास यांची जंत्री देतात ती पाने मी उडवत वाचली. पण यादीला पुराव्याचे वजन देणे, स्वतःचा जन्म दुसऱ्या भागात ढकलणे, विस्मरणाला साक्षीचे रूप देणे, हे लेखनाचेच निर्णय आहेत. ते पाहायचे नाकारणारी समीक्षा आळशी म्हणावी लागेल.

या लेखनाची आपल्याशी तुलना करताना मर्यादा ओळखली पाहिजे. तेथे काळे बहुसंख्य होते. मत मिळताच सत्ता आली. येथे मत पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आहे, पण गावोगाव विखुरलेल्या अल्पसंख्येला ते एकट्याने सत्तेपर्यंत नेत नाही. वर्ण चेहऱ्यावर दिसतो. जात आडनावातून, गल्लीतून, पाण्याच्या घागरीतून हुडकली जाते. तेव्हा तेथले निष्कर्ष उचलून येथे चिकटवण्यात अर्थ नाही. प्रश्न मात्र उसने घेता येतात.

आणि तो प्रश्न १९९४ नंतरही सुटलेला नाही. त्या निवडणुकीत कुझवायो स्वतः संसदेत गेल्या. वय ऐंशीच्या घरात होते. पाच वर्षे त्या तेथे बसल्या. स्त्रियांच्या संख्येने काम केले. १९९६ साली गर्भपाताचा कायदा झाला. १९९८ साली घरगुती हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला, आणि परंपरेने विवाहित स्त्रीला 'अज्ञान' ठरवणारी तरतूद त्याच वर्षीच्या विवाह कायद्याने संपवली. कुझवायोंच्या प्रकरणाला संसदेने दिलेले ते उत्तर होते. मात्र तेथील पद्धतीत उमेदवार मुख्यतः पक्षाच्या यादीतून येतो. यादी पक्ष ठरवतो, म्हणून बाई मतदारापेक्षा पक्षाला अधिक बांधलेली राहते. पुढे स्त्रियांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर गेले. पण १९९३ साली झालेल्या कामावरील अपघाताच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात खासगी घरात काम करणारी बाई 'कामगार' नव्हती. २०१२ साली एक घरकामगार बाई मालकाच्या घरच्या पोहण्याच्या तलावात बुडून मेली. तिच्या मुलीने घरकामगारांच्या संघटनेच्या साहाय्याने दावा लढवला. १९ नोव्हेंबर २०२० रोजी घटनात्मक न्यायालयाने ती वगळणूक घटनाबाह्य ठरवली.

१९२४ साली 'कामगार' या शब्दाची व्याख्या पास बाळगणाऱ्याला वगळत होती. १९९३ साली तीच व्याख्या मोलकरणीला वगळत होती. मधल्या काळात राज्य बदलले, झेंडा बदलला, सभापतीच्या खुर्चीवर बाई बसली. स्वयंपाकघरातली बाई व्याख्येबाहेर राहिली आणि तिला आत आणले ते एका मेलेल्या बाईच्या लेकीने, कोर्टात जाऊन. संसदेतल्या शंभर बायांचा हा दोष नव्हे. पण शंभर बाया असूनही हे सव्वीस वर्षे कोणाच्या डोळ्यांत खुपले नाही, याचा हिशेब मागावा लागेल.

स्त्रियांचा राजकारणातील सहभाग मोजण्यासाठी म्हणून मी दोन मापे वापरीन. सभागृहात किती बाया बसल्या, हे एक. कायद्याच्या व्याख्येतून अजून कोणती बाई बाहेर आहे, हे दुसरे. पहिले माप कुझवायोंच्या यादीसारखे आहे. ते अभिमान देते आणि अभिमान आपल्याला हवाच आहे. दुसरे माप मशिनिनींच्या कोठडीतल्या त्या विसरलेल्या नावासारखे आहे. ते शोधत बसावे लागते, आणि जोवर ते आठवत नाही तोवर यादी पुरी झाली असे म्हणता येत नाही. आपल्या अभ्यासक्रमांत 'जिणं आमचं'च्या शेजारी ही दोन पुस्तके ठेवून वाचली जावीत, ही माझी सूचना याच कारणासाठी आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून स्त्रियांसाठी राखीव जागा आहेत. त्या जागांवर बसलेल्या बायांची मोजणी आपण करतोच. आता दुसरी मोजणीही आपणच सुरू केली पाहिजे.